आघाड्याचे बी, कटल्याचे औषध

गौरी-गणपतीत आघाड्याला काय तो मान! सण सरला की शिरूर-दौंडच्या बांधावर हेच आघाड्याचे बी धोतराला, साडीला चिकटते आणि माणसे वैतागून उपटून टाकतात. दिल्ली विद्यापीठातील संशोधकांनी २००५ च्या सुमारास ते बी कटला माशाच्या खाद्यात मिसळून पाहिले. ते खाणाऱ्या माशांच्या रक्तात रोगाशी झुंजणारी प्रतिपिंडे अधिक आढळली.

आपल्या भागाला याचे काय? शिरूर-दौंड म्हणजे ऊस, कालवे आणि अलीकडे प्लॅस्टिक अंथरलेली शेततळी. पाणी साठवलेच आहे, तर त्यात कटला, रोहू, मृगळ का सोडू नयेत, हा हिशेब रास्तच आहे. पण पाणी कसले, हेही पाहायला हवे. रांजणगाव सांडसपाशी मुळा-मुठा भीमेला मिळते, ती पुण्याचे सांडपाणी पोटात घेऊनच. अशा पाण्यात, किंवा तळ्यात मासळीची दाटी झाली की, एरोमोनास नावाचा जिवाणू डोके वर काढतो. तो पाण्यात एरवीही असतोच; मासा अशक्त होण्याची तो फक्त वाट पाहतो. अंगावर लाल चट्टे, फुगलेले पोट, उभे राहिलेले खवले, आणि मग काठाला लागलेली मेलेली मासळी. वर्षाची मेहनत आठवड्यात जाते.

अशा वेळी माणूस दुकानात धावतो आणि प्रतिजैविकाची पुडी आणतो. इथेच गोम आहे. गायी-म्हशीला सुई टोचता येते. तळ्यातल्या हजारो माशांना कोण टोचणार? औषध खाद्यातूनच द्यावे लागते, आणि आजारी मासा खातच नाही! म्हणजे औषध जाते धडधाकट माशांच्या पोटात, आणि उरलेसुरले पाण्यात. जिवाणू त्याला सरावतात, अंश मासळीत राहून आपल्या ताटातही येऊ शकतो. क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान यांसारख्या औषधांवर मत्स्यपालनात बंदी आहे ती उगाच नव्हे.

म्हणून रोग येण्याआधीच माशाची ताकद वाढवावी, हा वनस्पतींमागचा विचार मला पटतो. मदुराईच्या संशोधकांनी २००० साली तुळशीच्या पानांचा अर्क तिलापियावर वापरला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात रोहूच्या खाद्यात किलोमागे १ ते १० ग्रॅम लसूण मिसळली, ६० दिवस खाऊ घातली आणि मग एरोमोनास टोचला. लसूण न खाल्लेल्यांपेक्षा खाल्लेले मासे अधिक जगले. १९८८ मध्ये ईशान्य भारतात शिरलेल्या व्रणरोगाच्या साथीत तर तळ्यात चुना आणि हळद टाकण्याचा उपाय गावोगाव पोहोचला होता.

पण हे प्रयोग बहुतेक टाक्यांमधले, स्वच्छ पाण्यातले. तळ्यातला गाळ, पहाटे कमी पडणारा प्राणवायू, थंडीत मंदावलेली मासळी, हे सारे तिथे नसते. पाणी बिघडलेले असताना लसणीवर भिस्त ठेवणे म्हणजे घर गळत असताना अंगाला सुंठ चोळण्यासारखेच. शिवाय मात्रा वाढवली की गुण वाढतोच असे नाही.

आणि झाडपाल्याचे म्हणजे निरुपद्रवी, हा समज तर तळ्यावर चालतच नाही. बीज सोडण्यापूर्वी नको असलेले मासे मारायला मोहाची पेंड टाकतात, हेक्टरी सुमारे २,५०० किलो. ती झाडाचीच. तिचे विष उतरायला पंधरा-वीस दिवस लागतात. पुढे तिचेच तळ्याला खत होते.