काळी माती, बोअरचं पाणी आणि चाळीस मायक्रॉनचं कवच

यवतमाळात गाडी विकायला काढली की तिची पहिली फेरी वॉशिंग सेंटरवर होते आणि दुसरी रबिंग-पॉलिशवाल्याकडे. दोन तासांत गाडी चकचकीत होते. पण याच दोन तासांत तिचं सर्वांत जास्त नुकसानही होऊ शकतं, आणि ते गिऱ्हाइकाला उन्हात उभं राहिल्यावर लगेच दिसतं.

कारखान्यात पत्र्यावर चढवलेले सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. तळाला फॉस्फेटचा थर, त्यावर विजेच्या प्रवाहाने बसवलेला गंजरोधक प्रायमर, मग दुसरा प्रायमर, मग खरा रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअरकोट. माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉन जाड असतो. हा क्लिअरकोट जेमतेम ४०. गाडीची सगळी चकाकी तेवढ्यात असते आणि उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालचा रंग वाचवणारी रसायनंही त्याच थरात मिसळलेली असतात. साध्या पांढऱ्या रंगाच्या काही गाड्यांना क्लिअरकोट नसतोच. पॉलिश करताना फडक्याला पांढरा रंग लागला तर गाडी त्यातली आहे असं समजावं.

या पातळ थराची गाठ आपल्या मातीशी पडते. यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद या पट्ट्यातली काळी माती सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून घडलेल्या बेसाल्टची झीज होऊन तयार झाली. तिच्यातल्या चिकणमातीचे कण पापुद्र्यांसारखे चपटे आणि दोन मायक्रॉनहून बारीक असतात. पापुद्र्यांच्या मध्ये पाणी शिरलं की माती फुगते, सुकली की आकसते आणि शेतात भेगा पडतात. गाडीच्या दारावर उडालेला चिखलही असाच आकसून घट्ट बसतो. हे चपटे कण मात्र मऊ असतात, त्यांनी ओरखडे उठत नाहीत. ओरखडे काढते ती त्यांच्यासोबत आलेली कच: बेसाल्टमधलं फेल्डस्पार, गारगोटीचे बारीक तुकडे, रस्त्यावरच्या गिट्टीची भुकटी. खनिजांच्या कठीणपणाच्या मोजपट्टीवर फेल्डस्पार ६ वर आहे आणि गारगोटी ७ वर. चाकूचं पोलाद साडेपाचच्या आसपास येतं. क्लिअरकोट हे तर शेवटी प्लॅस्टिकच. कोरडं फडकं मारून धूळ झटकणं म्हणजे ही कच हाताच्या जोराने त्या प्लॅस्टिकवर ओढणं.

म्हणून धूळ पुसण्याआधी सोडवावी लागते. सावलीत, थंड झालेल्या गाडीवर आधी नुसतं पाणी सोडावं आणि पाच-दहा मिनिटं थांबावं. पाणी पापुद्र्यांत शिरतं, माती पुन्हा फुगते आणि पत्र्यावरची पकड सोडते. घाई होते ती नेमकी इथे, आणि माझ्या मते सगळ्या धुण्यातली ही सर्वांत मोलाची पाच मिनिटं आहेत. मग गाडीच्या शाम्पूचं पाणी. शाम्पूचा रेणू एका टोकाने तेलकट मळाला धरतो आणि दुसऱ्या टोकाने पाण्याला, शिवाय कच आणि रंग यांच्यामध्ये निसरडा थर ठेवतो. बादल्या दोन हव्यात. एक फेसाची, दुसरी फडकं खळबळून कच तळाला बसू देण्यासाठी. छतापासून खाली यावं, कारण सर्वांत जास्त कच दारांच्या खालच्या भागाला असते. कपड्यांची पावडर वापरू नये; तिच्यातला सोडा मेणाचा संरक्षक थर उतरवतो.

कापसाच्या जिल्ह्यात जुन्या बनियनचं फडकं वापरलं जाणार हे उघड आहे. कापसाचा तंतू स्वतः रंगाला काही करत नाही. पण त्याच्या विणीत अडकलेली कच पृष्ठभागावरच राहते. मायक्रोफायबरचे तंतू कापसाहून बारीक आणि चिरलेले असतात, त्यामुळे कण फटींमध्ये ओढला जाऊन रंगापासून दूर होतो.

धुवायला पाणी बहुतेक ठिकाणी बोअरचं, आणि ते जड. त्यात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट तापलेल्या बोनेटवर पाणी उडून जाताच कॅल्शियम कार्बोनेट होऊन मागे राहतं. काळ्या किंवा निळ्या गाडीवर दिसणारे पांढरे गोल डाग ते हेच. मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीकडे असताना, ते पाहता पाहता पडतात. डाग ताजे असतील तर निम्मं पाणी घातलेलं पांढरं व्हिनेगर थंड पत्र्यावर मिनिटभर लावून लगेच भरपूर पाण्याने धुतलं की चुना विरघळतो. जुन्या डागांत सिलिका बसलेली असते, तिला व्हिनेगर काही करत नाही. सर्वांत सोपा उपाय म्हणजे शेवटचं पाणी अंगावर सुकू न देता लगेच टिपून घेणं. पांढरकवड्याच्या भागातल्या भूजलात फ्लोराइडही जास्त आढळतं. गाडीच्या रंगाला त्याने काही होत नाही. दुखणं आहे ते तिथल्या माणसांच्या दातांचं आणि हाडांचं. निळोणा आणि चापडोह या धरणांवर अवलंबून असलेल्या यवतमाळ शहरात पाइप सोडून गाडी धुणं मला तरी पटत नाही. माती नीट भिजू दिली तर तीन-चार बादल्या पुरतात.

आता रबिंग. ऊन पडल्यावर बोनेटवर सूर्याभोवती गोल जाळं दिसतं, त्यावरून ओरखडे गोल आहेत असा समज होतो. खरं तर ते सगळ्या दिशांनी गेलेले असतात. प्रकाशाच्या दिशेला आडवे पडलेले तेवढेच चमकतात, म्हणून वर्तुळ भासतं. रबिंग कंपाउंड ओरखडा भरत नाही, त्याच्या आजूबाजूचा क्लिअरकोट खरवडून त्या खोलीपर्यंत खाली आणतं. एका जोरकस हातात दोन-चार मायक्रॉन जाऊ शकतात. चाळीसपैकी तेवढे एकदा देणं परवडतं, दर दिवाळीला नाही. कडा आणि कंगोऱ्यांवर थर मुळातच पातळ असतो, तिथे मशीन टेकवूच नये. नखाला अडकणारा ओरखडा पॉलिशने जात नाही. त्याला हात न लावता नुसतं मेण लावावं.

पिवळ्या पडलेल्या हेडलाइटचं काम मात्र जरूर करावं. ती काच नसून पॉलिकार्बोनेट असतं. वरचा संरक्षक लेप झिजला की अतिनील किरण आणि हवेतला ऑक्सिजन मिळून त्याचे रेणू मोडतात, पृष्ठभाग पिवळा आणि धुरकट होतो. टूथपेस्टने तो थोडा घासला जातो आणि आठवडाभर बरा दिसतो. पाणी लावत क्रमाने बारीक होत जाणाऱ्या पॉलिश पेपरने खराब थर काढून वर अतिनीलरोधक लेप दिला तरच काम टिकतं. रात्री उजेड वाढतो, हा फायदा नव्या मालकाचा.

आतल्या बाजूला विदर्भाचा खास शत्रू म्हणजे खर्रा, तंबाखू-सुपारी-चुन्याचं मिश्रण. सुपारीतले टॅनिनसारखे पदार्थ चुन्याच्या सोबतीने लालसर तपकिरी होतात आणि सीटच्या कापडात मुरतात. साबणाची वडी घासली तर टॅनिनचा डाग उलट पक्का बसतो. द्रव डिटर्जंट आणि थोडं पांढरं व्हिनेगर, आधी कोपऱ्यात लावून पाहून, चोळण्याऐवजी टिपत राहावं. पुढच्या काचेवर आतून जमणारा तेलकट पडदा बव्हंशी डॅशबोर्डचाच असतो: बंद गाडी उन्हात तापली की प्लॅस्टिकमधली मऊपणा देणारी रसायनं उडतात आणि काचेवर बसतात. एसी लावल्यावर कुबट वास येत असेल तर आत टांगलेल्या अत्तराच्या बाटलीने काही होत नाही. ओल्या कूलिंग कॉइलवर बुरशी वाढलेली असते, ती साफ करून केबिन फिल्टर बदलावा.

चाकांवरच्या कमानींत आतून साचलेली माती बाहेरून दिसत नाही, म्हणून राहून जाते. काळी माती पाणी फार दिवस धरून ठेवते. तिच्याखालच्या पत्र्याला ऑक्सिजन कमी मिळतो, शेजारच्या उघड्या पत्र्याला जास्त, आणि या फरकातून तयार झालेला बारीकसा विद्युतघट मातीखालचा पत्रा खातो. पावसाळ्यानंतर ही माती काढायलाच हवी, गाडी विकायची असो वा नसो.

जुन्या गाड्या घेणारे जाणकार हल्ली रंगाची जाडी मोजणारं छोटं यंत्र आणतात. पोलादी पत्र्यापासून त्याचं टोक किती दूर आहे ते चुंबकीय परिणामावरून कळतं. मूळ रंग शंभर-दीडशे मायक्रॉन दाखवतो, गॅरेजमध्ये पुन्हा रंगवलेलं दार दोनशेच्या वर जातं आणि आत लांबी (पुट्टी) भरलेली असेल तर आकडा हजारापार जाऊ शकतो. कितीही पॉलिश केलं तरी हा आकडा लपत नाही, तेव्हा कुठलं दार कधी ठोकून रंगवलं ते आधीच सांगावं. तसंच, इंजिन चकचकीत करायला त्यावर पाण्याचा जोरदार झोत मारू नये. सेन्सरच्या जोडण्यांत पाणी शिरतं आणि तेल कुठून गळतंय ती खूणही पुसली जाते. बॅटरीची तार काढून ओल्या फडक्याने धूळ टिपली की पुरे. गळती असेल तर मिस्त्रीकडून दुरुस्त करून घ्यावी आणि पावती आरसीच्या कागदांसोबत ठेवून द्यावी.