लिलावातलं घर, नवा रंग
घर घेताना : भाग ७

बँकेच्या लिलावात स्वतः बोली कशी लावायची, ते मागच्या आठवड्यात पाहिलं. आज त्याच्या पुढची पायरी. लिलावात कुणी तरी घर घेतलं, दोन-तीन महिन्यांत डागडुजी करून चकचकीत केलं आणि आता ते तुम्हाला विकायला काढलंय. भद्रावतीत आयुध निर्माणी आणि वेकोलिच्या नोकऱ्यांमुळे तयार घर शोधणारे बरेच. चावी घेतली की राहायला जाता येतं, हे आकर्षण खोटं नाही.

आधी घर बघू. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया उथळ असला की खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. तिच्यात पुट्टी भरून रंग मारला की पुढचा उन्हाळा येईपर्यंत ती दिसत नाही. म्हणून भिंतीपेक्षा दाराकडे बघा. दार खालून किंवा वरून नुकतंच रंधून कमी केलं असेल, तर चौकट का कलली ते विचारा. भिंतीला खालून तीन फूट नव्या टाइल्स असतील तर बोटाने ठोकून बघा. पोकळ वाजली तर मागची छपाई ओलीने सुटल्याची शंका घ्या. पीओपीच्या छतातला एक दिवा काढायला लावून टॉर्चने वरचा स्लॅब बघा. सळया गंजून उघड्या पडल्या असतील, तर पीओपी कशासाठी केलं ते वेगळं सांगायला नको.

आणि जमिनीच्या खाली? २६ ऑगस्ट २०२२ रोजी आपल्याच जिल्ह्यात, घुग्घुसच्या आमराई वॉर्डात, एक राहतं घर बघता बघता जमिनीत गडप झालं. खाली जुनी भूमिगत कोळसा खाण होती. खाणपट्ट्यात घर घेताना आजूबाजूच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. ही माहिती विकणाऱ्याकडून मिळणार नाही.

तरी भेगा दुरुस्त होतात. खरं दुखणं कागदात असतं. बँकेने घर विकलं ते ‘जसे आहे, जेथे आहे’ या अटीवर, म्हणजे दोषांची जबाबदारी घेणाऱ्यावर टाकून. सरफेसी कायदा, २००२ नुसार आधी कर्जदाराला साठ दिवसांची नोटीस, मग ताबा, मग जाहीर विक्री असा क्रम आहे. यातली एखादी पायरी चुकली, की कर्जदार ऋणवसुली न्यायाधिकरणात दाद मागू शकतो; आपल्या भागासाठी ते नागपूरला आहे. लिलावाची सूचना प्रसिद्ध झाल्यावर कर्ज फेडून घर सोडवण्याचा हक्क संपतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २१ सप्टेंबर २०२३ च्या निकालात सांगितलं. त्याने घेणाऱ्याला बराच आधार मिळाला. पण सूचनाच नियमाला धरून नव्हती, हा वाद त्याने मिटत नाही.

आता हिशोब करा. समजा, लिलावात घर अठरा लाखांना गेलं आणि तुम्ही ते सत्तावीसला घेतलं. उद्या लिलाव रद्द ठरला, तर बँकेकडे जमा झाले होते अठराच. वरचे नऊ लाख विकणाऱ्याकडून वसूल करायचे, आणि तोवर तो गावात असेलच असं नाही. लिलावात थेट घेणाऱ्यापेक्षा तुमची जोखीम मोठी ती इथे.

त्यामुळे विकणाऱ्याकडे विक्री प्रमाणपत्र मागा आणि दुय्यम निबंधक कार्यालयात त्याची नोंद झाली आहे का बघा. बँकेने दिलेला ताबा प्रत्यक्ष होता की नुसता सांकेतिक, तेही पाहा. सांकेतिक म्हणजे दारावर नोटीस लावून घेतलेला. फेरफार विकणाऱ्याच्या नावावर चढला का, नगरपरिषदेचा कर भरला का, हेही तपासा. वीजबिलाची थकबाकी हलक्यात घेऊ नका. नवी जोडणी देताना जुनी बाकी मागता येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२३ चा निकाल आहे. शेवटी मूळ कर्जदाराच्या नावाने न्यायाधिकरणात प्रकरण आहे का, ते वकिलाकडून शोधून घ्या. वकिलाची फी या नऊ लाखांपुढे काहीच नाही.

खरेदीखतात एक कलम आवर्जून घाला : लिलाव रद्द झाल्यास पूर्ण रक्कम विकणारा परत करील. या कलमाला जो नाही म्हणेल, त्याला इसार देऊ नका.

पुढच्या आठवड्यात : भोगवटादार वर्ग २ ची जमीन आणि जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी.