मुरुमांचे औषध झोंबलेच पाहिजे का?

औषध जितके झोंबेल तितका गुण येईल, असा आपल्याकडे एक समज आहे. मुरुमांच्या बाबतीत हा समज महागात पडतो.

मी औषधनिर्माणशास्त्र शिकवतो आणि नवी मुंबईतल्या करावे गावात राहतो. गावातली मुलेमुली मला सांगतात, ‘काका, जेल लावलं की तोंड भाजतं, कातडी निघते.’ आठ दिवसांत ट्यूब कपाटात जाते. घरात हळद जवळ आली असेल, तर मैत्रिणीने सुचवलेले गोरे करणारे मलम येते. अशा मलमात पुष्कळदा स्टेरॉइड असते. चेहरा चार दिवस उजळतो. पुढे त्वचा पातळ होते, मुरूम उसळून येतात आणि कधीकधी कायमचे खड्डे ठेवून जातात. म्हणूनच २०१८ मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली.

मुळात मुरूम होतो कसा? त्वचेतल्या तैलग्रंथीचे तोंड तेल आणि मृत पेशी यांनी बुजते. आत जंतू वाढतात, सूज येते. ट्रेटिनॉइन हे अ जीवनसत्त्वाच्या कुळातले औषध तो बोळा मोकळा करते. पण ते त्वचेला झोंबते, आणि उजेडात लवकर निकामी होते.

या दोन्ही अडचणींवर आपल्या मुंबईतच, माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे जुन्या यूडीसीटीत, काम झाले आहे. डॉ. वंदना पत्रावळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्रेटिनॉइन घन स्निग्ध पदार्थाच्या अतिसूक्ष्म कणांत बसवून त्याचे जेल बनवले. थिजलेल्या तुपाच्या कणात वेलचीचा दाणा अडकावा, तसे. त्वचेशी औषधाची थेट गाठ कमी पडते आणि उजेडापासूनही त्याला आडोसा मिळतो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात, सशांच्या त्वचेवर हे जेल बाजारातल्या क्रीमपेक्षा बरेच कमी दाहक ठरले. अर्थात ससा म्हणजे माणूस नव्हे. प्रयोगशाळेतून दुकानात येईपर्यंत माणसांवरच्या चाचण्यांची लांब वाट असते.

दरम्यान ॲडापलीन हे त्याच कुळातले, पण अधिक सौम्य आणि उजेडात टिकणारे औषध उपलब्ध आहे. अमेरिकेत २०१६ पासून त्याचे ०.१ टक्क्याचे जेल चिठ्ठीशिवाय मिळते. आपण मात्र त्वचारोगतज्ज्ञांना विचारूनच सुरुवात करावी. गरोदर स्त्रियांनी ही औषधे टाळावीत. रात्री चेहरा धुऊन, पूर्ण कोरडा झाल्यावर, सगळ्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढे जेल पुरते. आग झालीच, तर एक दिवसाआड लावावे आणि वर साधे मॉइश्चरायझर लावावे.

गुण दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. तेवढे दिवस चेहऱ्याला सोसवेल, तेच औषध खरे गुणकारी.