पोलिसी नाटकांतून इंग्रजीचा अभ्यास

डिचोली तालुक्यातील मये गावात ‘कस्टोडियन’ हा शब्द कोणालाही शिकवावा लागत नाही. पोर्तुगीज सत्ता १९६१ च्या डिसेंबरात संपली आणि गाव सोडून गेलेल्या जमीनमालकाची मालमत्ता पुढे १९६४ च्या कायद्यान्वये सरकारने नेमलेल्या कस्टोडियनच्या ताब्यात गेली. तेव्हापासून घर दुरुस्त करावयाचे असो की कुळागराचा कागद हवा असो, मयेकराला या शब्दाशी गाठ घ्यावीच लागली. गोवा विधानसभेने २०१४ साली जुनी मालकी रद्द करणारा कायदा केला, तरी शब्द लोकांच्या तोंडी राहिला तो राहिलाच. मात्र याच गावातील आठवी-नववीतला मुलगा दूरचित्रवाणीवर किंवा मोबाइलवर इंग्रजी पोलिसी मालिका पाहताना ‘ही इज इन कस्टडी’ हे वाक्य ऐकतो, तेव्हा आजोबांचा कस्टोडियन आणि ही कस्टडी एकाच घरची आहेत हे त्याच्या ध्यानी येत नाही. दोहोंचा गाभा एकच, ताब्यात ठेवून सांभाळणे. जमीन सांभाळणारा तो कस्टोडियन आणि संशयिताला जेथे ठेवतात ती कस्टडी. आईबापांची फारकत झाल्यावर मूल कोणाकडे राहावे या प्रश्नालाही इंग्रजीत कस्टडीच म्हणतात. एक ओळखीचा शब्द असा उलगडला की चार अनोळखी शब्द आपोआप जवळ येतात.

गोव्यात मराठी प्राथमिक शाळेतून आलेल्या मुलाला पाचवीपासून बहुधा सर्व विषय इंग्रजीतून शिकावे लागतात. पुस्तकातील इंग्रजी तो वाचतो, परंतु ते त्याच्या कानावर पडत नाही. पोलिसी नाटक ही उणीव भरून काढते, आणि त्याचे कारण मनोरंजनापेक्षा रचनेत अधिक आहे. या नाटकांतील वाक्ये आखूड असतात व प्रत्येक वाक्यापाठोपाठ कृती घडते. ‘ड्रॉप इट’ म्हटले की हातातील सुरी खाली पडते. कोशाची गरज उरत नाही. अमेरिकेत १९४९ साली नभोवाणीवर सुरू झालेली ‘ड्रॅगनेट’ ही मालिका पोलिसांच्या अशाच रोखठोक बोलण्यासाठी गाजली. तेथे पाहण्याजोगे काहीच नव्हते, सारी भिस्त शब्दांवर होती.

चौकशीचा प्रसंग तर व्याकरणाचा उत्तम पाठ होय. ‘काल रात्री नऊ वाजता तू काय करीत होतास?’ हा प्रश्न इंग्रजीत ‘व्हॉट वेअर यू डूइंग?’ असा येतो. आपले ‘करीत होतास’ आणि त्यांचे ‘वेअर डूइंग’ यांची जोडी तंतोतंत जमते. शाळेत अपूर्ण भूतकाळाची सूत्रे घोकूनही जे पक्के होत नाही, ते एका चौकशीत दहा वेळा कानांवर आदळते.

याहून मोलाची गोष्ट तर्काच्या भाषेची. खोलीत प्रेत आहे, पुढचे दार आतून बंद आहे, मागच्या दाराशी चिखलाची पावले उमटली आहेत. गुप्तहेर म्हणतो, ‘ही मस्ट हॅव गॉन आउट बाय द बॅक डोअर.’ आपल्या मुलांना ‘मस्ट’ म्हणजे ‘पाहिजे’ एवढेच शिकविलेले असते. म्हणून ‘त्याने मागच्या दाराने जायलाच हवे होते’ असा भलताच अर्थ ते लावतात. मराठीत आपण येथे ‘तो मागच्या दाराने गेला असला पाहिजे’ असे म्हणतो, म्हणजे पाहिजे हा शब्द येथेही आहेच, पण तो आज्ञा करीत नाही, अनुमान करतो. खात्री कमी झाली की ‘मे हॅव गॉन’, म्हणजे ‘गेला असेल’. नुसती शक्यता असेल तर ‘कुड हॅव गॉन’, ‘गेला असू शकेल’. आणि दाराला कुलूप आढळले की ‘कान्ट हॅव गॉन’, ‘गेला असणे शक्यच नाही’. खात्रीच्या या चार पायऱ्या एकाच गुन्ह्याच्या शोधात क्रमाने येतात. पाठ्यपुस्तकात त्या चार वेगळ्या धड्यांत विखुरलेल्या असतात, आणि मग एकमेकींशी त्यांचे नाते कोणाला कळत नाही.

शब्दांच्या बाबतीत काही खाचखळगे आहेत. ‘स्टील’ आणि ‘रॉब’ या दोहोंना आपण चोरणे म्हणतो. पण ‘स्टील’पुढे चोरलेली वस्तू येते आणि ‘रॉब’पुढे लुबाडलेला माणूस किंवा लुटलेली बँक. ‘चोराने बँक स्टील केली’ असे म्हटले तर चोर इमारतच उचलून घेऊन गेला असे होईल! ‘एव्हिडन्स’चे अनेकवचन होत नाही, आपण ‘पुरावे’ म्हणतो म्हणून मुले ‘एव्हिडन्सेस’ लिहितात. ‘पोलीस’ हा शब्द मराठीत एकटाही येतो व घोळक्यानेही येतो. इंग्रजीत तो सदैव अनेकवचनी, ‘द पोलीस आर’. ‘सस्पेक्ट’चा आघात पहिल्या अवयवावर पडला तर संशयित व्यक्ती, दुसऱ्यावर पडला तर संशय घेणे. देवनागरी लिपी हा फरक दाखवू शकत नाही. तो कानानेच टिपावा लागतो.

देवघेव एकतर्फी मात्र नाही. ‘लूट’ आणि ‘ठग’ हे शब्द इंग्रजीने हिंदुस्थानातूनच उचलले. ‘डकॉइटी’चेही तसेच, पाच किंवा अधिक माणसांनी मिळून केलेली जबरी चोरी ती डकॉइटी, अशी व्याख्या १८६० च्या दंडसंहितेत होती व १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ती आहे. आपल्या पंचनाम्याला तर इंग्रजीत नेमका शब्दच नाही. येथील इंग्रजी वृत्तपत्रे तो जसाच्या तसा छापतात.

धोका आहे तो वेगळाच. परदेशी मालिकेतून शब्दांबरोबर परदेशी कायदाही नकळत शिकला जातो. अटक करताना आरोपीला त्याचे हक्क ऐकवून दाखविण्याचा जो प्रसंग अमेरिकी मालिकांत वारंवार येतो, तो तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या १९६६ च्या मिरांडा निकालातून आला. ते वाक्य आपल्याकडे पोलीस उच्चारीत नाहीत. म्हणून आपल्याला हक्क नाहीत असे मात्र नव्हे. अटकेचे कारण कळणे, वकिलाचा सल्ला घेता येणे आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे हजर केले जाणे, हे सारे राज्यघटनेच्या २२ व्या अनुच्छेदात आहे. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नसावी हे २० व्यात आहे. ज्यूरीचेही तसेच. १९५९ साली नानावटी खटल्यात मुंबईच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने आरोपीस निर्दोष म्हटले, उच्च न्यायालयाने ते मानले नाही. पुढे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला जागाच उरली नाही. तेव्हा ‘ज्यूरी’, ‘शेरीफ’, ‘डिस्ट्रिक्ट अॅटर्नी’ हे शब्द समजून घ्यावेत, पण डिचोलीच्या न्यायालयात ते शोधू नयेत.

अभ्यासाची रीत साधी आहे. पाच मिनिटांचाच तुकडा घ्यावा. प्रथम अक्षरांवाचून ऐकावा, मग पडद्यावर इंग्रजी अक्षरे लावून, आणि तिसऱ्या वेळी पात्राच्या मागोमाग स्वतः बोलून. वहीत सुटा शब्द न लिहिता पुरे वाक्य लिहावे. शिव्या व गल्लीतील बोली तेथेच सोडून द्यावी; निबंधात ‘कॉप’ लिहिणाऱ्याचे गुण कापले गेले तर तक्रार करता येणार नाही. नंतर त्याच आठवड्यातील एखादी गुन्ह्याची बातमी गोव्याच्या इंग्रजी दैनिकात वाचावी. १९०० साली पोर्तुगीज भाषेत निघालेले ‘ओ हेराल्डो’ १९८३ पासून इंग्रजीत निघते, ‘नवहिंद टाइम्स’ १९६३ पासूनचा आहे. मालिकेतील ‘बर्गलरी’ तेथे कधी ‘हाउस ब्रेकिंग’ होऊन भेटते, कारण आपल्या कायद्याचा शब्द तोच, मराठीत घरफोडी.

येथील न्यायालयाचे व पोलीस ठाण्याचे कागद बहुतेक इंग्रजीत असतात. घरात आलेल्या कागदावर ‘समन्स’ आहे की ‘वॉरंट’, हे वाचता येणारी मुलगी घरातील मोठ्यांचे निम्मे भय तेथेच घालवील; कारण समन्स म्हणजे अमुक दिवशी हजर राहा असे बोलावणे, आणि अटकेचे वॉरंट म्हणजे धरून आणण्याचा हुकूम. चोरीची फिर्याद द्यायला गेलेल्या माणसाला लिहून घेतलेला मजकूर वाचून दाखविला पाहिजे व त्याची प्रत विनामूल्य दिली पाहिजे, असे नागरिक सुरक्षा संहितेचे १७३ वे कलम सांगते. सोबत गेलेल्या मुलीने तो इंग्रजी मजकूर वाचावा, आणि ‘स्टोलन’च्या जागी ‘लॉस्ट’ पडले असेल, तर सही होण्यापूर्वीच ते दाखवून द्यावे.