अक्षराविना वाचायचा बिल्ला

बाजारहत्नूर हे तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यातले मंडलाचे गाव. इथे घरात मराठी चालते, कचेरीचा कागद तेलुगूत येतो, बाजारात दखनी उर्दू ऐकू येते आणि आसपासच्या गुड्यांवर, तांड्यांवर गोंडी, कोलामी, लमाणी बोलली जाते. अशा मुलखात निवडणुकीचे पत्रक कुठल्याही एका लिपीत छापले तरी निम्म्या हातांत ते मुकेच राहायचे. बिल्ल्याला ही अडचण कधीच आली नाही. रुपयाएवढ्या पत्र्यावर बैलजोडी, सायकल नाहीतर मोटार आणि मागे टाचणी, एवढाच त्याचा ऐवज. शाळेचे तोंड न पाहिलेल्या आजीलाही तो वाचता यायचा आणि तिच्या नातवालाही. या सीमाभागात गेल्या सत्तर वर्षांत सगळ्यांना सारखा वाचता आलेला छापील मजकूर हाच, असे माझे मत आहे. त्याची नोंद मात्र फारशी कुणी ठेवलेली नाही.

आधी मुलूख समजून घ्यायला हवा. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली आणि निजामाचे राज्य संपले. तोवर तिरंगा उघडपणे मिरवणे इथे जोखमीचे काम होते, मग छातीवर तो टाचणे दूरच. ब्रिटिश हिंदुस्थानात काँग्रेसच्या अधिवेशनांना प्रतिनिधींसाठी आणि स्वयंसेवकांसाठी बिल्ले निघत होते, गांधी-नेहरूंची चित्रे छातीवर लागत होती. हैदराबाद संस्थानातल्या खेड्याला ही मुभा मिळायला स्वातंत्र्यानंतरही वर्षभर थांबावे लागले. मग १९५६ साली भाषावार राज्ये झाली. तोवर आदिलाबाद जिल्ह्यात असलेले किनवट नांदेडला जोडले गेले, राजुराही मराठी मुलखाकडे गेला, आणि बोथ तालुक्यातले बाजारहत्नूर तेव्हाच्या आंध्र प्रदेशात गेले. सोयरीक दोन्हीकडे तशीच राहिली, पण मतदान दोन राज्यांत वाटले गेले.

पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ ची. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढे सतरा कोटींवर मतदार होते आणि त्यांतल्या बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हते. तोडगा चित्रांचा निघाला. प्रत्येक पक्षाला एक चिन्ह दिले आणि मतदान केंद्रात प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवून तिच्यावर त्याचे चिन्ह लावले. मतपत्रिकेवर काही खूण करायची नव्हती, ती आपल्या चित्राच्या पेटीत टाकायची होती. काँग्रेसला जू घेतलेली बैलजोडी मिळाली, समाजवादी पक्षाला झाड, जनसंघाला पणती, किसान मजदूर प्रजा पक्षाला झोपडी, कम्युनिस्टांना कणीस आणि विळा, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनला हत्ती. माणसाचा पंजाही त्या यादीत होता, आणि तो काँग्रेसचा नव्हता. तो होता नागपूरचे कामगार पुढारी आर. एस. रुईकर यांच्या फॉरवर्ड ब्लॉकचा. जुना पंज्याचा बिल्ला हाती आला तर त्याचा पक्ष ठरवण्याआधी त्याचे वय तपासावे, ते याचसाठी.

आदिलाबादने त्या वेळी झाडाला कौल दिला. समाजवादी पक्षाचे सी. माधव रेड्डी इथून लोकसभेवर गेले. पुढे १९८४ साली तेच माधव रेड्डी तेलुगू देसमचे उमेदवार म्हणून सायकलीवर निवडून आले. माणूस एक, जिल्हा तोच, चित्रे दोन. छातीवरचा बिल्ला बघून कोण कुणाचा हे सांगणारा जमाना तो, त्यामुळे चित्र बदलले की गावोगावची ओळख नव्याने घडवावी लागे, आणि ते काम भाषणाइतकेच बिल्ल्याचे असे.

ही चित्रे कुणीतरी हाताने काढली होती. निवडणूक आयोगात एम. एस. सेठी नावाचे आरेखक होते. पतंग, कंदील, शिवणयंत्र, पंखा अशा रोजच्या वापरातल्या वस्तू त्यांनी पेन्सिलीने रेखाटल्या आणि १९९२ साली ते निवृत्त झाले. आजही अपक्षांना मिळणाऱ्या चिन्हांत त्यांचा हात दिसतो. रेघ जाड, छाया जवळजवळ नाही, वस्तू एका नजरेत ओळखू येईल अशी. चित्र नखाएवढे झाले तरी बिघडत नाही, आणि बिल्ल्याला नेमके हेच लागते.

खुद्द बिल्ला मात्र आपल्याकडचा नव्हे. अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टनच्या १७८९ च्या शपथविधीच्या वेळी लोकांनी कोटाला पितळी गुंड्या शिवून घेतल्या होत्या. १८६० मध्ये लिंकनचा फोटो पत्र्याच्या छोट्या चकतीवर आला. आज आपण ज्याला बिल्ला म्हणतो तो बाजारात आला १८९६ मध्ये. न्यू जर्सीतल्या नेवार्क शहरात व्हाइटहेड अँड होग नावाचा कारखाना होता. त्यांनी बॉस्टनच्या अमांडा लॉजी यांचे १८९३ चे पेटंट विकत घेतले, त्यात टाचणीची सोय सुधारली आणि मॅकिन्ली विरुद्ध ब्रायन या अध्यक्षपदाच्या लढतीत बिल्ल्यांचा पाऊस पाडला.

त्याची घडण समजून घेण्यासारखी आहे. बिल्ला उलटा करा. कडेने आत वळलेला पत्रा दिसतो आणि त्यात अडकवलेली तारेची टाचणी. आता सुलटा करून कड नखाने चाचपा. वरच्या बाजूला पत्र्याची उथळ वाटी, तिच्यावर गोल कापलेला छापील कागद, त्यावर पारदर्शक सेल्युलॉइडचा पापुद्रा आणि मागून हे सगळे धरून ठेवणारी धातूची कडी असे चार थर एकमेकांवर बसलेले असतात. हातयंत्राला दोन डाय असतात. पहिल्या दाबात वाटी, कागद आणि पापुद्रा एकत्र होऊन वरच्या डायमध्ये अडकतात. दुसऱ्या डायमध्ये टाचणीची पाठ ठेवून पुन्हा दाबले की कागद-पापुद्र्याच्या कडा आत दुमडतात आणि पाठ घट्ट बसते. गोंद लागत नाही, डाख लागत नाही. सेल्युलॉइडची जागा आता प्लास्टिकने घेतली, पण ४४ आणि ५८ मिलिमीटरचे बिल्ले करणारी आजची यंत्रे याच रीतीने चालतात. त्यापेक्षा स्वस्त रीत पहिल्या महायुद्धाच्या आसपास रुळली. चित्र थेट पत्र्याच्या तावावर छापायचे, चकत्या पाडायच्या आणि कड दुमडायची. कागद नाही, पापुद्रा नाही. आपल्याकडच्या निवडणुकांत पत्र्याचे साधे बिल्ले पुष्कळ चालले, कधी मागे सेफ्टी पिन जोडलेली, कधी पत्र्याचीच जीभ वाकवून खिशाला अडकवायची. पुढे ओतीव प्लास्टिकचे आले.

राजकारणाआधी आणि राजकारणाबरोबर या वस्तूवर जगले ते व्यापारी. १८९६ च्याच सुमारास अमेरिकेत ‘यलो किड’ या व्यंगचित्रातल्या पोराचे बिल्ले हाय ॲडमिरल सिगारेटबरोबर वाटले जात होते. पाठोपाठ कामगार संघटना आल्या. महिन्याची वर्गणी भरली की त्या महिन्याचा बिल्ला, पुढच्या महिन्यात रंग वेगळा. कारखान्याच्या दारात कोण सभासद, कोणाची वर्गणी थकली, हे विचारावे लागत नसे.

आपल्याकडे कष्टकऱ्याच्या अंगावर जो बिल्ला आला तो मुख्यतः परवान्याचा होता. रेल्वे हमालाच्या दंडावरचा पितळी बिल्ला, एसटीच्या वाहकाचा क्रमांकाचा बिल्ला, टॅक्सीवाल्याचा बॅज. निजामाच्या रेल्वे खात्याने जून १९३२ मध्ये सत्तावीस गाड्यांनिशी मोटारसेवा सुरू केली, आज तेलंगणात धावणाऱ्या आरटीसीचे मूळ तेच. महाराष्ट्राची एसटी १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर निघाली. दोन्हीकडच्या वाहकाची ओळख नावाआधी बिल्ल्याच्या आकड्याने. या बिल्ल्यावर चित्र नसते, फक्त आकडा. तो विकत मिळत नाही, वाटला जात नाही, हरवला तर जाब द्यावा लागतो. हमालाचा बिल्ला कित्येक घरांत बापाकडून मुलाकडे गेला आहे. संग्राहक पितळेचे वजन करतात, मला मात्र तो कुणाच्या तरी रोजीरोटीचा दाखला वाटतो आणि त्याची बोली लावताना मन धजत नाही.

जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचा पूर्वेचा भाग कोळशाचा. बेल्लमपल्ली, मंदमर्री, मंचेरियाल इथल्या सिंगरेणी खाणींत मान्यताप्राप्त संघटना कोणती हे १९९८ पासून कामगारांच्या गुप्त मतदानाने ठरते. त्या मतदानालाही चिन्हे असतात, प्रचार असतो आणि छातीवर संघटनेचा बिल्ला असतो.  

चिन्हे बदलत गेली तसे बिल्ले बाद होत गेले. १९६९ मध्ये काँग्रेस फुटली आणि पुढे बैलजोडी गोठवली गेली. १९७१ ला इंदिरा गांधींच्या पक्षाकडे गाय-वासरू आले. १९७८ च्या जानेवारीत पक्ष पुन्हा फुटला आणि हाताचा पंजा आला. लगेच फेब्रुवारीत आंध्र, कर्नाटक, महाराष्ट्रात विधानसभेचे मतदान होते. वीस वर्षे बैलजोडी पाहिलेल्या मतदाराला सात वर्षांत दोन नवी चित्रे शिकवायची होती, त्यातले शेवटचे काही आठवड्यांत. अशा वेळी भाषण उपयोगी पडत नाही, हातोहात फिरणारे चित्रच लागते. एन. टी. रामाराव यांनी २९ मार्च १९८२ ला तेलुगू देसम काढला आणि जानेवारी १९८३ मध्ये राज्य जिंकले. जेमतेम नऊ महिन्यांत सायकल खेड्याखेड्यांत पोचली. बाजारहत्नूरच्या मराठी घराला ‘देसम’चे भाषण पुरते कळले नसेल, सायकल मात्र कळली.

इथून पुढे नात्यागोत्यात चित्रांची फाळणी झाली. किनवटच्या मामाकडे धनुष्यबाण नाहीतर घड्याळ, इकडच्या भाच्याकडे सायकल, आणि २००१ ला तेलंगणा राष्ट्र समिती निघाल्यावर मोटार. याचा कळस जिवती तालुक्याच्या सीमेवर दिसतो. महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघेही हक्क सांगतात अशा तिथल्या गावांत माणसांनी दोन्ही राज्यांच्या निवडणुकांत मते दिली आहेत, म्हणजे एकाच घरात दोन राज्यांचे बिल्ले. आणि ५ फेब्रुवारी २०२३ ला भारत राष्ट्र समिती असे नवे नाव घेतलेल्या त्याच पक्षाने तेलंगणाबाहेरची आपली पहिली मोठी सभा घेतली ती नांदेडला. गुलाबी रंगातली मोटार सीमा ओलांडून मराठी मुलखात मते मागायला आली.

पोरांसाठी हा सगळा इतिहास नव्हता, खजिना होता. जीप थांबली की ‘बिल्ला द्या, बिल्ला द्या’ करत मागे धावायचे, सदऱ्यावर सगळ्या पक्षांचे बिल्ले एका ओळीत लावायचे, जास्तीचे अदलाबदलीला ठेवायचे. ज्या अपक्षाला आपल्या घरची मतेही पुरती मिळत नसत, त्याच्या बिल्ल्याला सगळ्यांत जास्त भाव, कारण तो थोड्यांकडेच असे. दुर्मिळतेची किंमत या पोरांनी कुठल्याही लिलावाआधी ओळखली होती.

टी. एन. शेषन १९९० च्या डिसेंबरात मुख्य निवडणूक आयुक्त झाले आणि खर्चाचा हिशेब खरोखर तपासला जाऊ लागला. आज जिल्हा निवडणूक कार्यालय प्रचारसाहित्याचे दर ठरवते, टोपी, उपरणे, बिल्ला सगळे उमेदवाराच्या खर्चात धरले जाते. मोठ्या राज्यांत विधानसभेसाठी या खर्चाची मर्यादा ४० लाख आणि लोकसभेसाठी ९५ लाख रुपये आहे. मतदानाच्या दिवशी केंद्रापासून शंभर मीटरच्या आत चिन्ह मिरवायला लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३० ने मनाई आहे, म्हणून मतदार दारात बिल्ला काढून खिशात टाकतो. खर्चाच्या या कात्रीत बिल्ला मागे पडला आणि गळ्यातले रंगीत उपरणे पुढे आले, कारण ते फोटोत लांबून दिसते. आता तर चिन्ह मोबाइलच्या पडद्यावर पोचते. कायद्याची शिस्त मला मान्य आहे, पण खेड्यातल्या माणसाने आपण होऊन अंगावर लावलेली राजकीय खूण तिच्याबरोबर उणावली, याचे वाईटही वाटते.

अमेरिकेत राजकीय वस्तूंच्या संग्राहकांची संस्था १९४५ पासून आहे. तिथे १९२० च्या कॉक्स-रूझवेल्ट जोडीचा बिल्ला सर्वांत मोलाचा मानतात. पुढे कंपन्यांनी जाहिरातीसाठी जुन्या बिल्ल्यांच्या नकला वाटल्या आणि इतका गोंधळ माजला की १९७३ मध्ये नकलेवर ती बनवल्याचे वर्ष छापणे बंधनकारक करणारा कायदा आला. व्हाइटहेड अँड होगच्या अस्सल बिल्ल्याच्या पोटात पेटंटच्या तारखांचा कागद असे, त्यावरून वय ठरते. आपल्या बिल्ल्यावर असा कागद नाही, वर्ष नाही, अनेकदा छापणाऱ्याचे नावही नाही. म्हणून ज्याच्या घरी ते आहेत त्यानेच माहिती लिहून ठेवायला हवी. कुठले गाव, कुठली निवडणूक, कुणी दिला. ऑक्टोबर २०२२ मध्ये गोठवलेला धनुष्यबाण, मग आलेली मशाल आणि ढाल-तलवार, फेब्रुवारी २०२४ मधली तुतारी, ही चिन्हे तर कालपरवाची आहेत. त्यांचे बिल्ले अजून ड्रॉवरमध्ये सापडतील.

बिल्ले ठेवण्याची रीत अवघड नाही. ओल्या फडक्याने पुसू नये, कडेतून पाणी शिरले की कागदावर तपकिरी डाग पडतात आणि ते निघत नाहीत. पत्र्याचे आणि सेल्युलॉइडचे एका डब्यात कोंबू नयेत, सेल्युलॉइड जुने झाले की आम्ल सोडते, शेजारच्या पत्र्याला गंज चढवते, शिवाय ते चटकन पेट घेते. मऊ प्लास्टिकच्या पाकिटापेक्षा कोरा जाड कागद बरा. टाचणी गंजली असली तरी उपटू नये. आणि गावाचे नाव, साल एका चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून बिल्ल्याबरोबर ठेवावे, शाई पसरते.