वाकड्या मोदकाची गोष्ट

पडद्यावर आजी पारीला कळ्या पाडतेय. पुढच्याच क्षणी ताटात वाफाळता मोदक आहे आणि त्यावर तुपाची धार पडतेय. मधला सगळा वेळ गेला कुठे? कुणीच विचारत नाही, घरातलं शेंडेफळसुद्धा नाही. प्रत्यक्षात काळ अशी उडी मारून कधी पुढे जात नाही, तरीही पडद्यावर तो गेला तर आपल्याला साधी ठेचही लागत नाही. सिनेमाच्या साऱ्या करामतींत मला याचंच सर्वांत जास्त नवल वाटतं. आणि ही करामत आता घरोघरच्या फोनमध्ये येऊन बसली आहे.

ठेच का लागत नाही, ते पाहायचं तर आरशासमोर उभे राहा आणि नजर आपल्याच डाव्या डोळ्यावरून उजव्या डोळ्यावर न्या. बुबुळं हलताना तुम्हाला दिसणार नाहीत. शेजारी उभ्या असलेल्याला दिसतील. आपली नजर सेकंदाला साधारण तीनदा अशी उडी मारते आणि उडीतलं फरफटलेलं चित्र मेंदू परस्पर गाळून टाकतो. संकलन, म्हणजे ही काटछाट, आपण पाळण्यापासून करत आलो आहोत, एवढंच की त्याचा पगार मिळत नाही. ‘द कॉन्व्हर्सेशन’ हा 1974 सालचा चित्रपट संकलित करताना वॉल्टर मर्चच्या लक्षात आलं, की जिथे कापायचं त्याने ठरवलं होतं, त्याच्या अगदी जवळपास नट जीन हॅकमनची पापणी मिटते आहे. एक विचार संपला की माणूस पापणी मिटतो; कात्रीही तिथेच चालवावीशी वाटते.

पण गाळणं हे अर्धंच काम झालं. उरलेल्या तुकड्यांना मेंदू आपणहून दोरा ओवतो. रशियात 1920च्या आसपास दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्हने इव्हान मोझ्झुखिन या नटाचा एक निर्विकार चेहरा घेतला. कुलेशोव्हच्या सहकाऱ्याने, पुदोव्हकिनने, लिहून ठेवलंय त्याप्रमाणे तो चेहरा एकदा सूपच्या थाळीला जोडला, एकदा शवपेटीतल्या स्त्रीला, एकदा खेळण्यातल्या अस्वलाशी खेळणाऱ्या मुलीला. चेहरा तिन्ही वेळा तोच. प्रेक्षक मात्र नटाच्या अभिनयावर खूश: सूपसमोर कसा विचारात बुडाला, काय ते दुःख, केवढं ते कौतुक! अभिनय केला होता प्रेक्षकांनीच, दोन तुकड्यांच्या सांध्यात बसून.

आपल्या घरच्या चित्रणात सांधाच नसतो. बारशाचं चाळीस मिनिटांचं सलग चित्रण पाहुण्यांना कंटाळवाणं होतं ते यामुळे. सगळंच दाखवलं, मग पाहणाऱ्याने करायचं काय? फोन या खोलीतून त्या खोलीत भिरभिरतो, सगळे त्याच्याकडे बघून हात हलवतात, कुणीतरी ‘व्हिडिओ आहे, फोटो नाही’ असं ओरडतं. घटना असते, पण पुढे काय होणार याची हुरहुर नसते.

हुरहुर लावायला फार लागत नाही. समजा, गणेशचतुर्थीची सकाळ आहे आणि सात वर्षांची नात आयुष्यातला पहिला मोदक वळतेय. चार कळ्या, त्यातल्या दोन फाटलेल्या, सारण बाहेर डोकावतंय. हा वाकडा मोदक आजीच्या देखण्या मोदकांच्या रांगेत चाळणीवर बसतो, झाकण पडतं. झाली गोष्ट सुरू! तो वाफेत फुटेल का? नैवेद्याच्या ताटात त्याला जागा मिळेल का? मिळालीच, तर तो कुणाच्या वाट्याला जाईल?

आता अख्खं स्वयंपाकघर टिपायची गरज नाही. ओट्याचं एक लांबून चित्र, म्हणजे जागा कळली. मग बोटं, अगदी जवळून. मग नातीचा चेहरा. हसायला न सांगता, झाकणाकडे बघत असतानाचा. मग झाकणाच्या कडेने सुटणारी वाफ. प्रत्येक चित्र सात-आठ सेकंद, फोन हातात स्थिर. आणि चेहऱ्यानंतर वाफ जोडली की कुलेशोव्ह स्वयंपाकघरात हजर. पोरगी कदाचित शेजारच्या लाडवांचा विचार करत असेल. पाहणाऱ्याला मात्र तिच्या डोळ्यांत वाकड्या मोदकाची काळजीच दिसणार. (ही थोडी लबाडी आहे, कबूल.)

वाट पाहायला लावणं किती बळ देतं, हे दादासाहेब फाळक्यांनी 1912 सालीच ताडलं होतं. विल्यमसन कॅमेरा आणला होता, पैसे संपले होते, सावकाराला पटवायचं होतं. त्यांनी घरी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा रोखून त्याचं वाढणं टप्प्याटप्प्याने टिपलं. ‘अंकुराची वाढ’मध्ये कित्येक दिवसांचं रोपटं डोळ्यांदेखत वर आलं आणि भांडवलाची सोय झाली. नट नाही, नेपथ्य नाही. फक्त आता काय उगवेल एवढंच.

त्याहीआधी, 28 डिसेंबर 1895 रोजी पॅरिसमध्ये ल्युमिएर बंधूंनी दाखवलेल्या दहा चित्रफितींत चक्क एक घरगुती फीत होती. ऑग्युस्त ल्युमिएर आणि त्याची पत्नी आपल्या तान्ह्या लेकीला भरवताहेत, जेमतेम मिनिटभर. मध्येच ती मुलगी चौकटीबाहेरच्या कुणाला तरी बिस्कीट देऊ करते. कुणाला, ते दिसत नाही. तेवढ्यानेच चौकटीपलीकडे एक अख्खं घर उभं राहतं. मागे झाडाची पानं वाऱ्यावर हलत होती, त्यांचंही तेव्हाच्या प्रेक्षकांना अप्रूप वाटलं म्हणतात.

चौकटीबाहेरचं घर आवाजानेही उभं करता येतं, ही गोष्ट बहुतेक जण विसरतात. पडद्यावर अजून मोदकपात्राची वाफच आहे, पण झांजांचा आवाज सुरू झालाय. दोन सेकंदांनी आरती दिसते. संकलक याला जे-कट म्हणतात, कारण संगणकावर चित्राच्या पट्टीखालून आवाजाची पट्टी ‘जे’ या इंग्रजी अक्षराच्या शेपटीसारखी पुढे आलेली दिसते. कान आधी पोहोचतो, डोळा मागून धावत येतो. घरातही आपण आरतीला असेच धावतो.

आणि शेवट? वाकडा मोदक आजोबांच्या पानात येतो. ते तो फोडतात. इथे आजोबांचं तोंड दाखवू नका, नातीचं दाखवा. फोन लगेच बंदही करू नका. सगळं संपलंय असं वाटल्यावर आणखी पाच-सहा सेकंद तो चालू राहू द्या. कापायला जागा राहते, आणि चौकटीबाहेरून कधीकधी आजीचा आवाज येतो:

“झालं का रे तुझं? ठेव तो फोन, पान वाढलंय.”