राजा मांचूची पितळी साक्ष

मिलवॉकीच्या नैर्ऋत्येला विस्कॉन्सिनमधलं बर्लिंग्टन हे छोटं गाव. इथला 'लायर्स क्लब' १९२९पासून दरवर्षी सर्वांत सरस थापाड्या निवडतो. गावाच्या पश्चिमेला व्हाइट नदीकाठी व्होरी आहे. तिथल्या हकिकतीचा क्लबशी काडीचाही संबंध नाही, पण ती ऐकताना क्लब आठवतोच.

जून १८४४मध्ये मॉर्मन पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ कार्थेजच्या तुरुंगात जमावाच्या गोळ्यांना बळी पडला. गादी कोणाची, यावरून पंथात फाटाफूट झाली. बहुतेक लोक ब्रिगम यंगमागे गेले. जेम्स स्ट्रँग हा वकील पंथात येऊन जेमतेम चार महिने झालेले. पण वारस नेमणारं जोसेफचं पत्र आपल्याला आलंय, असं तो सांगू लागला. यंगच्या गोटाने ते बनावट ठरवलं. नुसत्या कागदावर भागणार नव्हतं.

१३ सप्टेंबर १८४५ला त्याने चौघांना व्होरीच्या टेकडीवर नेऊन ओकच्या झाडाखाली खणायला लावलं. स्वतः मात्र बाजूला उभा राहिला. तीनेक फुटांवर कच्च्या भाजणीच्या मातीची डबी लागली. आत तळहातावर मावतील अशा पितळेच्या तीन पट्ट्या: एका बाजूवर परिसराचं चित्र, एकीवर मानवाकृती, बाकी अगम्य अक्षरं. मुळं शाबूत होती, माती आधी कोणी उकरलेली नव्हती, असं चौघांनी लिहून दिलं. स्ट्रँगने लावलेल्या अर्थानुसार हा व्होरिटोच्या राजा मांचूचा लेख होता. हा राजा विस्कॉन्सिनच्या रानात कुठून उगवला, देव जाणे! आधी येणारा मारला जाईल, मग थोर संदेष्टा इथे राहील, असंही त्यात निघालं. वकिलाला हवा तेवढाच पुरावा.

जोसेफनेही आपल्याला सोन्याच्या पट्ट्या मिळाल्याचं सांगितलं होतं; त्या देवदूत परत घेऊन गेला, अशी पंथाची श्रद्धा. या पट्ट्या मात्र लोकांना प्रत्यक्ष पाहता येत. जोसेफच्या पट्ट्यांचा साक्षीदार मार्टिन हॅरिसही काही काळ स्ट्रँगकडे आला. पुढे विरोधकांत बोलवा झाली, की त्या जुन्या पितळी किटलीतून कापल्या होत्या. तीही ऐकीवच. आता तपासायला पट्ट्याच नाहीत. १९००च्या सुमारास त्या गहाळ झाल्या.

१८५०मध्ये मिशिगन सरोवरातल्या बीव्हर बेटावर स्ट्रँगने स्वतःला राज्याभिषेक करवून घेतला. १८५६मध्ये तिथेच त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. जखमी अवस्थेत त्याला व्होरीला आणलं. ९ जुलैला तो गेला. वारस नेमायला त्याने नकार दिला. व्होरीत त्या काळची काही दगडी घरं टिकून आहेत आणि मूठभर स्ट्रँगपंथीही. त्याच्यानंतरचा संदेष्टा त्यांना अजून मिळालेला नाही.